पोटगीवाढीचा अर्ज

कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात वकीलबाईंनी अर्जाची प्रत विश्रामच्या हातात ठेवली. घटस्फोटाला सहा वर्षं झाली होती. लेकीचा खर्च वाढला म्हणून माधुरीने, तिच्या आईने, पोटगी वाढवून मागितली होती. सोबत खर्चाची यादी जोडलेली होती.

"नीट वाचा. जे पटणार नाही ते आपण नाकारू," वकीलबाई म्हणाल्या.

विश्राम भांडायच्या तयारीनेच आला होता. शाळेची फी, पोहण्याचा क्लास असं वाचत वाचत तो चष्म्यापाशी थबकला.

"मुक्ताला चष्मा लागला?"

"ते मला कसं ठाऊक असणार? पण बिल जास्तीचं वाटतंय. हरकत घेता येईल."

गुजरातेत बदली झाल्यापासून तीन वर्षं त्याने लेकीला पाहिलं नव्हतं. आधी फोन व्हायचे, मग तेही थांबले. पाण्यात पाय घालायलाही घाबरणारी ती पोर आता पोहत होती, आणि हे त्याला कोर्टाच्या कागदावरून कळत होतं.

"माझी कशालाच हरकत नाही," म्हणत त्याने संमतीच्या कागदावर सही केली.

माधुरी जिना उतरत होती. त्याने तिला गाठलं. "मुक्ताला एकदा भेटू का?"

ती थांबली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आज येतेस का म्हणून विचारलं होतं मी तिला. ती म्हणाली, बाबा ओळखतील का मला?"