वैजनाथची ग्वाही

जीप दाराशी थांबली तशी निकितानं आतून कडी घातली. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर तिचा थोरला भाऊ अमरसिंह उतरत होता. त्याच्यामागून वैजनाथ उतरला.

वैजनाथशी नोंदणी लग्न करायचं म्हणून लोहाऱ्यात मैत्रिणीच्या खोलीवर ती तीन आठवडे लपून होती. नोटिशीचा महिना भरायला आठ दिवस उरले होते. पत्ता एकट्या वैजनाथला ठाऊक. कुणी विचारलं तर तो सांगून मोकळा होणार, हे तिला कळत होतं. पण ती कुठं आहे हे माहीत नसलं की त्याला घास गिळवेना, म्हणून तिनं तो दिला.

वैजनाथ पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून द्यायचा. तारेचे वेढे मोजताना जग बुडालं तरी मान वर करायचा नाही. सोलापूरच्या डॉक्टरनं ऑटिझम सांगितला होता. गावानं त्याच्या कितीतरी आधी येडा ठरवून टाकलं होतं. निकिताच्या घरात केसानं गळा कापणारेच सगळे. त्यांच्यात वाढलेल्या पोरीला आत एक बाहेर एक नसलेला हा एकच माणूस भेटला, आणि तिचा जीव जडला.

हाक आल्यावर तिनं कवाड अर्धंच उघडलं. अमरसिंह उंबऱ्याबाहेरच थांबला. वडिलांनी हट्ट सोडलाय, लग्न दारातच लावायचं ठरलंय, असं हळू आवाजात म्हणाला.

"माझ्यावर भरवसा न्हाय तुझा. म्हणून तर ह्याला आणलंय. विचार."

वैजनाथ कवाडाच्या बिजागरीकडं बघत होता.

"खरंच मांडव घातलाय का, वैजू?"

"घातलाय. सोळा खांब हायेत."

"आणि हळद?"

"दळून झाली. पत्रिका बी वाटल्या. म्या वाचली."

तिला रडूच फुटलं. त्यानं जन्मात थाप मारली नव्हती. तिनं पिशवी भरली, मैत्रिणीला चिठ्ठी ठेवली आणि जीपमध्ये वैजनाथशेजारी बसली. आत दोन चुलतभाऊ आधीच बसलेले होते. लोहारा मागं पडल्यावर अमरसिंहनं घरी कळवायला म्हणून तिचा मोबाईल घेतला आणि बंद करून खिशात टाकला.

"पत्रिका कशी झालीय रे?" तिनं वैजनाथला विचारलं.

"चांगली. तुझं नाव बरोबर हाय. नवरदेवाचं तेवढं चुकलंय, कुलदीप छापलंय. दादा म्हणले, छापखान्याची चूक हाय."