थकव्यावरचा उतारा

बाबा न्हाणीघरात गाणं गुणगुणत होते, तेवढ्यात तिनं कपाटावरची बाटली उघडली आणि दोन-तीन कॅप्सूल रुमालात बांधून घेतल्या. लेबलावर एका अळंबीमागून सूर्य उगवत होता. खाली छापलं होतं : ‘औषधी अळंबीचा शुद्ध अर्क. शारीरिक थकव्यावर गुणकारी.’ औषध-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला ‘शुद्ध’ हा शब्द दिसला की पहिली शंका त्याचीच येते.

बाबा ओतशाळेत भट्टीवर कामाला. संध्याकाळी घरी आले की ते उंबऱ्यातच बसकण मारत. बुटांच्या नाड्या आई सोडत असे. जेवताना डोळा लागे आणि घास हातातच राही. गेल्या काही आठवड्यांत हे सगळं पालटलं होतं. आता ते धाप न लागता जिना चढून येत. गळका नळ त्यांनी दुरुस्त केला. आईची थट्टासुद्धा सुरू केली. आई बाटलीवर बेहद्द खूश होती. “तुमची ती यंत्रं राहू देत बाजूला,” ती लेकीला म्हणाली, “एवढ्याशा अळंबीनं ह्यांना पुन्हा माणसात आणलं.”

तिला मात्र घोर लागला होता. वाळलेल्या अळंबीच्या अंगी एवढी करामत नसते. पण असल्या बाटलीत कुणी गुपचूप स्टेरॉइड मिसळलं, तर मरगळ जादूसारखी पळते आणि मागाहून हाडं, साखर, रक्तदाब यांची वाट लागते. लक्षणंही जुळत होती. बाबांना रात्रीची झोप नव्हती. दाराची घंटा वाजली तरी ते दचकत. मनगटांवरचे भाजल्याचे व्रण तेवढे भराभर बरे होत होते. स्टेरॉइडनं जखमा उलट रेंगाळतात. ही एक गोष्ट तिच्या तर्कात बसत नव्हती. तिनं ती बाजूला ठेवली.

बाटली फेकून देऊनही भागणार नव्हतं. शरीराला सवय झाल्यावर स्टेरॉइड एकदम तोडलं, तर जिवावर बेतू शकतं. आधी खात्री हवी होती.

प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पडद्यावर आलेख उमटू लागला. जिथे सुळका यायची भीती होती, तिथे रेषा सपाट राहिली. तिनं नमुना पुन्हा लावला. रेषा पुन्हा सपाट.

“वाळलेली अळंबी आणि स्टार्च,” शेजारचा सहकारी पडद्यात डोकावून म्हणाला. “भाजीत टाकली असती, तर निदान चव तरी आली असती.”

हायसं वाटायला हवं होतं. पण घरी पोचेपर्यंत नवाच प्रश्न उभा राहिला. बाटलीत काही नव्हतं. मग बाबांच्या शरीरात काय होतं? थायरॉइड? की आणखी काही, ज्याचं नाव मनातसुद्धा घ्यायला ती धजत नव्हती?

आई खाली दुकानात गेली होती. बाबा खिडकीशी बसून खुर्चीचा डुगडुगता पाय ठोकत होते.

“बाबा, उद्या तुमचं रक्त तपासायचं.”

“कशाला गं? ठणठणीत तर आहे मी!”

“म्हणूनच. त्या कॅप्सूल मी तपासल्या. त्यांत काही नाही. त्यांनी कुणाचा थकवा जात नाही.”

हातोडी थांबली. “आईला बोललीस?”

“अजून नाही.”

“बोलू नकोस.” त्यांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. “ओतशाळेला टाळं लागलंय. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, काम विचारत चार दारं हिंडतो, मग बागेत बसून राहतो. घर फंडावर चाललंय. तो संपायच्या आत कुठेतरी चिकटायला हवं.”

तिनं कपाटावरची बाटली उचलली. “आणि ही बाटली?”

“थकवा आधीच गेला होता, पोरी. तो कशानं गेला, असं तुझी आई विचारायला लागली, तेव्हा आणली.”