मधला आकडा

बाईंनी फळ्यावर अकरा बल्बचे तास चढत्या क्रमानं लिहिले आणि सहाव्या आकड्याभोवती गोल काढला.

“हा मध्यक. पाच बल्ब याच्या आधी गेले, पाच याच्यानंतर. कळलं?”

अकरावीला संख्याशास्त्र घेतलेली चौदा मुलं होती आणि त्यातली बारा दुसरा विषय मिळाला नाही म्हणून इथं येऊन पडली होती. पुढच्या वर्षापासून विषयच बंद होणार होता. सव्वीस वर्षं शिकवलेला विषय, आणि मुख्याध्यापकांनी ती बातमी जिना उतरता उतरता दिली होती.

“बल्बच्या जागी माणसं घेतली तर?”

मागच्या बाकावरून आवाज आला. सगळे जिला घुमी म्हणत ती मुलगी उभी होती. हजेरीपलीकडे वर्षभरात तिनं तोंड उघडलं नव्हतं.

“कसली माणसं?”

“आजारी. एकाच आजाराची. मध्यक आठ महिने असेल तर?”

“तर अर्धी माणसं आठ महिन्यांच्या आत जातात,” बाई म्हणाल्या आणि लगेच त्यांना जीभ चावावीशी वाटली. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

घंटा झाल्यावर ती रेंगाळली. बाईंनी डस्टर झटकत सहज विचारल्यासारखं विचारलं, “घरी कोण कोण असतं ग?”

“आई, बाबा आणि मी. पण आई दिवसभर दवाखान्यात असते.”

बाईंना पुढं काही विचारवेना.

घरी यजमानांनी चहा करून ठेवला होता. तीस वर्षांत ज्यांना साखरेचा डबा सापडला नव्हता, ते हल्ली ओटासुद्धा पुसत. निवृत्त होऊन महिना झाला होता, हाताला चाळा हवा, असं बाईंनी धरून चाललं होतं. नोकरी सोड, लेकीकडे समुद्राकाठी जाऊन राहू, हे नवं टुमणंही त्यातलंच. शिवाय स्वयंपाकघराचा कारभार हाती आल्यापासून त्यांनी बाईंच्या पित्ताचं निमित्त करून घरातलं तिखट बंद केलं होतं. पोटाच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला तेच दवाखान्यात गेले होते, आणि नुसतं पित्त आहे म्हणाले होते. बाईंना रोज मऊ भात खावा लागे.

“आमच्या वर्गातली एक पोर,” बाई म्हणाल्या. “आईचे महिने मोजतेय हो.”

यजमानांनी नळ सोडला. “मग तू काय म्हणालीस?”

“विचारलं ते सांगितलं.”

“सगळंच सांगायचं नसतं ग.”

“आकड्यांत कशी लपवाछपवी करू?”

यजमान नळ तसाच सोडून वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मग घुमी रोजच थांबू लागली. बाईंनी अभ्यासक्रम बाजूला ठेवला. मध्यक म्हणजे निकाल नव्हे, हे त्यांनी आलेख काढून दाखवलं. उजवीकडे लांब शेपूट असते, काही जण तिच्या टोकापर्यंत जातात, वर्षानुवर्षं जगतात.

“किती जण?”

“ते आजारावर आहे.”

मुलगी दुसऱ्या दिवशी आकडा घेऊन आली. पाच वर्षांनी शंभरातले चार. बाईंनी फळ्यावर शंभर ठिपके काढले आणि चार ठिपक्यांना गोल केले. दोघी उभ्या राहून ते बघत राहिल्या. धीराचं काहीतरी बोलावं म्हणून बाईंनी दोनदा तोंड उघडलं, पण शहाण्णव ठिपके समोर होते. शेवटी त्यांनीच फळा पुसला.

इतक्या वर्षांत कुणीतरी त्यांचा विषय पहिल्यांदाच जीव लावून शिकत होतं, आणि ते हे असं. त्या दिवशी त्या जिन्यात मधेच कठड्याला धरून थांबल्या. हल्ली दोन मजलेही नकोसे होत.

शुक्रवारी मुलगी म्हणाली, “पेशंटला ठाऊकच नाहीये, बाई. घरात लपवलंय.”

“काय सांगतेस? कुणी, वडिलांनी?”

ती खाली बघत राहिली. बाईंना राग आला, एरवी वर्गावर कधी येत नसे तसा.

“माया असेल त्यांची. पण हे बरं नाही. महिने तिचे आहेत. त्यांचं काय करायचं ते तिनं ठरवू दे. कुणाला भेटायचं असेल, कुणाशी भांडून घ्यायचं राहिलं असेल. आणि तुम्ही तिला मऊमऊ बोलून फसवताय.”

“मी सांगितलं तर सगळे चिडतील. आई तर आधी.”

“आई का चिडेल? रडेल. रडू दे. चार दिवसांनी तीच म्हणेल, बरं झालं सांगितलंस.”

“माझं वय आहे का हे सांगायचं?”

“ज्याला ठाऊक आहे त्यानं सांगावं. वयाचं काय घेऊन बसलीस?”

मुलगी ओठ आवळून उभी होती. “तुम्ही असता तिच्या जागी, तर?”

“मला पहिल्याच दिवशी कळायला हवं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज निवला. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “आज घरी जा आणि आईजवळ बस. नुसती बस. शब्द आपोआप सुचतील. मी येऊ का बरोबर?”

तिनं नकारार्थी मान हलवली. दप्तर बाकावर ठेवलं, जाऊन वर्गाचं दार लोटलं आणि परत येऊन बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला.

“आईला काही झालेलं नाही, बाई,” ती म्हणाली. “ती तिथं रिपोर्ट टाइप करते. तुम्ही जरा खुर्चीवर बसता का?”