चंदाबाईचा बांबू

कागद ही मानवी संस्कृतीची जननी होय, असं कारखान्याच्या संशोधन विभागाच्या दारावर पितळी अक्षरांत लिहिलं होतं. ते दार धड लागत नसे, म्हणून खाली जाड कागदाची घडी खुपसली होती. संस्कृतीला तेवढा आधार पुरत होता.

आत वारलू खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि शास्त्रज्ञ निकेश बोरकुटे त्याला तिसऱ्यांदा समजावत होते.

"वारलूभाऊ, तुमचं बांबूचं बेट तोडायचं नाही. चार कोवळे डोळे फक्त न्यायचे. काचेच्या बाटलीत वाढवू. लाखो रोपं होतील, हुबेहूब तशीच."

"हुबेहूब म्हंजे चंदाचीच?"

"तिचीच समजा."

चंदाबाई वारलूची बायको. मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. धानोऱ्याजवळच्या गावात, घरामागं तिनं लावलेलं बांबूचं बेट तेवढं राहिलं. वारलू संध्याकाळी त्याच्यापाशी बसून बोलायचा. शेजारची सोमारी कुंपणावरून म्हणायची, "जिती होती तवा एवढा बोलला असता तं काय जीभ झिजली असती का रे, भाऊ?"

वारलू ऐकून घ्यायचा. सोमारी खोटं बोलत नव्हती.

कारखान्याला त्या बेटाचा शोध योगायोगानंच लागला. देशभरचे कागद कारखाने तेव्हा कच्च्या मालासाठी तडफडत होते. परदेशातून बोटीनं लगदा यायचा आणि बांबूच्या जंगलात बसून सगळे त्याची वाट बघायचे. अशात निकेशना हा बांबू दिसला: सरळ, जाड, लांब तंतूचा. त्याचा लगदा बघून प्रयोगशाळेतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती माणसं सहसा टाळ्या वाजवत नाहीत.

"एक अडचण आहे," निकेश म्हणाले. "बांबू जन्मात एकदाच फुलतो, चाळीसेक वर्षांनी. फुलला की मेला. आणि तुकड्यातून वाढवलेलं रोप, बाटलीतलंही, आईचं वय घेऊनच जन्माला येतं. आई फुलली की लेकीपण त्याच साली फुलणार, मग त्या काल लावलेल्या का असेनात. म्हणून बेटाचं वय पक्कं सांगा."

"लगन झालं त्याच साली लावला. आली अन् दुसऱ्या दिवशी मांगं खड्डा खोदून राह्यली. माही माय चिडली. म्हणे, नवरी आणली का रोजगार हमीवरची बाई?"

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"वीसेक."

निकेश हसले. "मग अजून वीस वर्षं बघायला नको."

"माह्या मांगं राहीन?"

"तुमच्या मागं राहील. माझ्या पेन्शनच्याही मागं राहील."

वारलूनं हो म्हटलं. अट एकच, नाव चंदाचं पाहिजे. मुख्यालयानं ते इंग्रजीत वाचलं आणि त्यांना वाटलं, चंद्रपूरचं जुनं नाव 'चांदा' दिलंय. त्यांनी स्थानिक अस्मितेचा गौरव म्हणून ताबडतोब मंजुरी दिली.

पुढं 'चंदा' सगळीकडं गेली. वैनगंगेच्या काठानं, धानाच्या बांधांवर, घुग्घुसकडं कोळसा खाणींतून काढलेल्या मातीच्या ढिगांवरसुद्धा. परिषदांमध्ये निकेशची भाषणं झाली. वारलू मात्र एसटीनं फिरायचा. कुठं लागवड झाली कळलं की जायचा, रोपाजवळ उकिडवा बसायचा.

मार्कंड्याच्या जत्रेच्या वाटेवरच्या लागवडीत एकदा त्याला निकेश भेटले. वारलू गुडघ्याएवढ्या रोपाला सांगत होता, "जत्रेले नेतो, नेतो म्हणलं अन् एक डाव नेलं नाई तुले. घे, माह्याआधी पोचली."

मग निकेशकडं बघून जरा लाजला. "घरून कुठी निघत नोती, साहेब. आता पाहा, लई फिरून राह्यली."

यंदा हिवाळ्यात घरामागच्या बेटाची पानं झडली. शेंड्यापासून बुडापर्यंत पिवळट तुरे लोंबले.

"फुलला रे, बापा," सोमारी म्हणाली. या वेळी तिनं टोमणा मारला नाही.

वारलू पहिल्या गाडीनं कारखान्यात आला. "साहेब, तिच्यातलं एक लेकरू द्या मले. तिच्याच जागी लावतो."

निकेशनी त्याला बसवलं नाही. सकाळपासून सगळीकडून तेच फोन येत होते. ते त्याला गाडीत घालून जवळच्या लागवडीत घेऊन गेले. रोपं रांगेनं उभी होती. कंबरेएवढी, गुडघ्याएवढी, काही तर वीतभर. हिरवं पान कशावरच नव्हतं. वीतभर रोपालाही तुरा होता.

वारलू एकेका रोपाजवळ वाकत रांगेच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

"बी पडन ना हिचं?"

"पडेल. उगवेलही. पण ती ही नसेल, वारलूभाऊ. दुसरीच कोणी असेल."

वारलू बांधावर बसला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

निकेशचा आवाज चढला. "हे होऊच शकत नाही. तेव्हा वीस वर्षं बाकी होती. लग्नाचं साल चुकलात तुम्ही."

"लगनाचं साल इसरीन का मी?"

"मग बी लावलं होतं ना तिनं?"

"बी नाई. कंद."

निकेश त्याच्याशेजारी बांधावर टेकले. मग हळू आवाजात विचारलं, "कुठला कंद?"

"आमच्या घरी आली तवापासून मोजलं, साहेब. आमच्यात नवरीचं वय तसंच मोजतेत," वारलू म्हणाला. "कंद तिनं माहेराहून आणला होता. तिच्या आजीच्या बेटातला."