मशीनची माळ

विश्वकर्मा पूजेला साहेबांनी नव्या रायपुरातल्या सर्व्हरच्या कपाटाला झेंडूची मांडीएवढी जाड माळ घातली आणि पाच मिनिटांत आतले पंखे विमानासारखे बोंबलायला लागले. पॉवर सप्लायचे हिरवे दिवे पिवळे झाले. अकरा वाजता भरतीचा निकाल इथूनच लागायचा होता. “लहानूभाऊ, बंद करू का?” इंजिनिअर क्षमा रडकुंडीला आली. “काहून? माळेनं समोरून आत जाणारी हवा अडली,” मेकॅनिक लहानू कुजबुजला. पण साहेबांची माळ काढायची कोणी? त्यानं हात जोडले. “साहेब, मशीन रुसली! तिचं तोंड तर मांगं हाय न!” “हव? पहले बताना था न, भैया!” साहेबांनी स्वतःच माळ काढून मागं, वरच्या कडेला टांगली. पंखे शांत झाले, दिवे हिरवे. क्षमाचा जीव भांड्यात पडला. मागच्या गरम झोतानं पाकळ्या साहेबांच्या टकलावर उडाल्या. “प्रसन्न हो गई!” म्हणत त्यांनी मशीनच्या बुडाला मनोभावे नमस्कार केला.