शेरूचं चित्र

कोल्हापूरच्या संग्रहालयात कुत्र्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. भैरवीचा पाय मात्र एका जागी ठरत नव्हता. आपल्या हरवलेल्या शेरूचं चित्र तिनं स्वतः काढून लावलं होतं, कुणीतरी ओळखेल या आशेनं. येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ती न्याहाळत होती.

"आई, आपला राजा!" एक मुलगी चित्राकडं धावली. "त्योच फाटका कान!"

भैरवी मुलीजवळ वाकली. "कुठं असतो गं तो?"

"आमच्या घरी, मुरगूडला. माझ्याजवळच झोपतोय."

मुलीची आई घाबरून हळूच म्हणाली, "हिचा बाप वारल्यापासनं पोरगी गप्पच हुती. ह्यो दारात आला, तवा बोलाय लागली. तुमचा हाय व्हय?"

भैरवीनं चित्राकडं एकदा बघितलं.

"नाही हो ताई, मी मनानंच काढलाय."