अंगणातल्या गप्पा

"साहेब, बाबा तुमच्याशी काय बोलले होते?" पॅकिंग खात्यातल्या निर्मलानं विचारलं. बापाचं तेरावं उरकून ती आजच कामावर आली होती, हातात मॅनेजर हेमाडे साहेबांचं सांत्वनाचं पत्र घेऊन.

"कधी?"

"तुम्हीच लिहिलंय की. 'तुमच्या अंगणात बसून बाबांशी मारलेल्या गप्पा मी विसरणार नाही.' दहाव्याला भावकीसमोर वाचलं. आई म्हणते, मी बाजाराला गेले असताना साहेब येऊन गेले असणार. बाबा काय म्हणाले, तेवढं विचारून ये."

साहेबांची कानशिलं तापली. कामगारांच्या सुखदुःखाची पत्रं ते एआयकडून लिहून घ्यायचे आणि न वाचताच खाली 'तुमचाच' म्हणून सही ठोकायचे. निर्मलाचं गाव कुठलं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. एखादी थाप सहज खपली असती, जिभेवर आलीही होती. तेवढ्यात निर्मलानं फोन लावून त्यांच्या हातात दिला. "आईलाच सांगा. सकाळपासून वाट बघतेय."

"बोला साहेब," पलीकडून म्हातारी म्हणाली.

आता त्यांना थाप मारवेना. "मावशी, मी तुमच्या घरी कधी आलोच नाही. ते पत्र मी लिहिलेलं नाही. दुसऱ्याकडून लिहून घेतलं." यंत्राचं नाव घ्यायची मात्र त्यांना लाज वाटली.

 म्हातारी जराही राग न धरता म्हणाली, "असू द्या. मग त्या दुसऱ्याला द्या की फोन."